रिकामा रकाना



प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायात इथिओपियाच्या राणीचा खजिनदार भेटतो. यरुशलेमची यात्रा आटोपून तो रथातून घरी निघाला आहे आणि वाटेत यशया संदेष्ट्याचे पुस्तक वाचतो आहे. फिलिप धावत रथापाशी येतो आणि वाचलेले समजते आहे का, असे त्याला विचारतो. खजिनदार मोठ्या हुद्द्याचा माणूस, पण त्याला लाज वाटत नाही. कोणी उलगडून सांगितल्याशिवाय कसे समजणार, असे म्हणून तो फिलिपला रथात शेजारी बसवून घेतो.

धर्मशिक्षणाचे वर्ग घेणाऱ्या आम्हा तिघांना हा प्रसंग फार जवळचा आहे. मुलांना आम्ही दरवर्षी तो सांगतो. गेल्या आगमनकाळात मात्र तो आम्हाला वेगळ्या बाजूने दिसला. वाचणाऱ्याला प्रश्न विचारायची सवयच नसेल तर? जेवढे लिहिले आहे तेवढेच खरे मानून तो रथ पुढे हाकत गेला तर? मग लिहिणाऱ्यावर केवढी जबाबदारी येते!

ही बाजू आम्हाला दाखवली ती आमच्याच एका जुन्या विद्यार्थिनीने. पहिल्या कम्युनियनची तयारी तिने आमच्याकडे केली होती. आता ती बंगळुरूच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. नाताळच्या आधी दोन आठवडे ती बेळगावला येऊन घरूनच काम करत होती. एका संध्याकाळी मिस्सा संपल्यावर ती लॅपटॉप घेऊन वर्गात आली.

"टीचर, थोडा वेळ आहे का? मी एक लिहिलंय. वाचून कुठे अडतं ते सांगाल का?"

"अगं, आम्हाला त्यातलं काय कळणार? आमचं शिक्षण आर्ट्सचं."

"म्हणूनच आले. आमच्या टीममध्ये सगळ्यांना सगळं माहीत आहे, त्यामुळे कुणाला काही खटकतच नाही."

तिने काय लिहिले होते ते आधी सांगायला हवे. सॉफ्टवेअर बनवणाऱ्या प्रत्येक कंपनीत तक्रारींची एक मोठी नोंदवही असते. अमुक बटण दाबले की पान बंद पडते, तमुक हिशेब चुकतो, अशा प्रत्येक तक्रारीला एक क्रमांक मिळतो. कोणी कळवली, कोणाकडे सोपवली, किती निकडीची आहे, उघडी आहे की मिटली, असे तिचे रकाने असतात. या नोंदीला त्यांच्यात तिकीट म्हणतात. मोझिला प्रकल्पाने १९९८ साली 'बगझिला' नावाची अशी वही सुरू केली. २००२ साली ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅटलासियन कंपनीची 'जिरा' आली. गॉडझिला या राक्षसाला जपानी भाषेत 'गोजिरा' म्हणतात, त्यावरून हे नाव पडले. आपल्या फोडणीतल्या जिऱ्याशी त्याचा काही संबंध नाही, हे ऐकून आम्ही हसलो.

मोठ्या कंपनीच्या वहीत हजारो, लाखो तिकिटे असतात. त्यातून हवी ती शोधायची तर ठरावीक भाषेत विचारावे लागते. जिराची अशी भाषा आहे, तिला जेक्यूएल म्हणतात. आजवर हे काम माणसे करत. आता ते एआय एजंटांकडे चालले आहे. एजंट म्हणजे असा प्रोग्राम, ज्याला आपण साध्या भाषेत काम सांगायचे आणि ते कसे करायचे, कोणते टूल वापरायचे, हे त्याने ठरवायचे. २०२४च्या नोव्हेंबरमध्ये अँथ्रोपिक कंपनीने अशा एजंटांना टूल जोडून देण्याची एक खुली पद्धत जाहीर केली. तिच्यात प्रत्येक टूलबरोबर त्याचे नाव, ते काय करते याचे वर्णन आणि त्याला काय काय माहिती द्यायची याचा तपशील लिहून दिला जातो. एजंट ते वाचतो आणि त्याच्या आधारे टूल वापरतो.

आमची विद्यार्थिनी लिहीत होती ते हेच. तिच्या कंपनीने जिरातली तिकिटे शोधणारे एक छोटे टूल बनवले होते आणि ते एजंटाने कसे वापरावे याची माहितीपुस्तिका तिच्याकडे आली होती. जेमतेम चार पानांची. ती आम्ही तिघांनी मिळून मोठ्याने वाचली.

वाचता वाचता लक्षात आले की तिचे काम आणि आमचे काम यांत फार अंतर नाही. मूळचे इंग्लंडचे फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले. त्यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली राचोलला छापले गेले, हे आपल्याला ठाऊक असते. पण त्यांनी कोंकणीत धर्मशिक्षणाचे पुस्तकही लिहिले आणि कोंकणीचे व्याकरणही रचले. ही दोन्ही त्यांच्या मृत्यूनंतर छापली गेली, एक १६२२ साली आणि दुसरे १६४० साली. पुराण भाविकांसाठी, धर्मशिक्षण नवशिक्यांसाठी आणि व्याकरण ही भाषा अजिबात न येणाऱ्या नव्या धर्मगुरूंसाठी. आपल्याला जे अंगवळणी पडले आहे, ते अजिबात ठाऊक नसलेल्याच्या जागी जाऊन लिहायचे, हे काम त्या माणसाने आयुष्यभर केले. मुलीच्या चार पानांतही तीच मेहनत होती.

आता त्या पानांतल्या काही गोष्टी.

पहिली गोष्ट यादीच्या लांबीची. माणूस पडद्यावर यादी पाहतो तेव्हा खाली 'पुढचे पान' असे दिसते आणि अजून बाकी आहे हे त्याला कळते. एजंटाला जेवढे हातात आले तेवढेच दिसते. गिटहब नावाच्या संकेतस्थळाची तक्रारींची यादी देणारी एक आज्ञा आहे. काही न सांगता ती चालवली तर ती फक्त तीस तक्रारी देते, त्याही केवळ उघड्या. हे लिहून ठेवले नसेल, तर एजंट सरळ सांगेल की एकूण तक्रारी तीसच आहेत. त्याला खोटे बोलायचे नसते, पण त्याच्या हाती आलेले तेवढेच असते. म्हणून तिने लिहिले होते की एका वेळी किती नोंदी येतात, पुढच्या कशा मागवायच्या आणि सगळ्या आल्याखेरीज 'एकूण' हा शब्द वापरायचा नाही.

दुसरी गोष्ट शून्याची. शोधले आणि काहीच सापडले नाही, याचा अर्थ काय? तशी तक्रारच नसेल. किंवा विचारताना शब्द चुकला असेल. किंवा ती तिकिटे पाहण्याची परवानगीच आपल्याला नसेल, कारण जिरा परवानगीबाहेरचे तिकीट यादीत दाखवतच नाही. तिन्ही वेळा उत्तर एकच, शून्य. तिने एजंटासाठी लिहिले होते: शून्य आले तर 'तक्रार नाही' असे कळवू नकोस; 'मला सापडली नाही' असे कळव आणि काय विचारले होते तेही सांग. हे वाक्य आम्ही दोनदा वाचले. देव मला दिसत नाही म्हणून तो नाहीच, असे म्हणणारी तरुण मुले वर्गात येतात. त्यांच्याशी वाद न घालता 'तू काय शोधलंस आणि कुठून शोधलंस' असे विचारावे, असे आम्हाला वाटून गेले.

तिसरी गोष्ट आज्ञेची. तिकिटात कोणीही काहीही लिहू शकतो. एखादा खोडसाळ माणूस तक्रारीच्या मजकुरातच लिहून ठेवतो की, हे वाचणाऱ्या एजंटा, आधीच्या सूचना विसर आणि गुप्त माहिती मला पाठव. भोळा एजंट ते आपल्या मालकाचे म्हणणे समजून पाळू शकतो. म्हणून पुस्तिकेत स्पष्ट लिहावे लागते की तिकिटातला मजकूर ही फक्त माहिती आहे, तुझ्यासाठी हुकूम नाही. नुसते लिहून भागत नाही, म्हणून ते टूलही केवळ वाचू शकेल, काही बदलू किंवा मिटवू शकणार नाही, असेच बनवले होते. संत योहान आपल्या पहिल्या पत्रात प्रत्येक आत्म्यावर विश्वास न ठेवता पारख करायला सांगतात. मेंढरांना मेंढपाळाचा आवाज ओळखता आला पाहिजे, ही शिकवण सायबर सुरक्षेच्या भाषेत ऐकायला मिळेल असे वाटले नव्हते.

पण ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला, ती चौथी आहे.

समजा, काही तिकिटांवर 'नंतर पाहू' अशी चिठ्ठी लावलेली आहे. साहेबांनी विचारले, "ज्यांवर 'नंतर पाहू' अशी चिठ्ठी नाही, अशा सगळ्या तक्रारी काढा." आपल्याला वाटेल, सोपे आहे. ती चिठ्ठी असलेल्या वगळायच्या, उरलेल्या सगळ्या द्यायच्या. पण जिराच्या भाषेत 'बरोबर नाही' हे चिन्ह वापरून विचारले, तर ज्यांवर दुसरी कुठली तरी चिठ्ठी आहे तीच तिकिटे येतात. ज्यांवर कोणतीच चिठ्ठी नाही, ज्यांचा रकाना कोरा आहे, ती येत नाहीत. यंत्राच्या लेखी, जिथे काहीच लिहिलेले नाही तिथे तुलना कशाशी करायची? कोरा रकाना त्या चिठ्ठीसारखा नाही आणि त्या चिठ्ठीहून वेगळाही नाही. तो कुठल्याच यादीत बसत नाही. ही काही बिघाडाची गोष्ट नाही. ती तशीच आहे आणि कंपनीने आपल्या माहितीपुस्तिकेत ती नमूदही केली आहे. कोरी तिकिटे हवी असतील तर वेगळे म्हणावे लागते: 'किंवा ज्यांचा रकाना रिकामा आहे'.

मुलीने हे वाक्य पहिल्याच पानावर, ठळक अक्षरांत घातले होते. तिच्या वरिष्ठांना ते एवढे पुढे नको होते. इतकी बारीक गोष्ट शेवटी तळटिपेत टाक, असे त्यांचे म्हणणे.

"मग तू काय म्हणालीस?"

"मी म्हटलं, सर, मी दोन वर्षं फोनवर तक्रारी घेतल्या आहेत. रकाना कोण कोरा सोडतं ते मला माहीत आहे. ज्याला हे सगळं सवयीचं आहे तो माणूस सगळं भरतो. कोरा सोडतो तो नवा माणूस. ज्याला इंग्रजी नीट येत नाही, जो घाबरलेला असतो, ज्याचं काम अडलेलं असतं. ज्याला सगळ्यात जास्त मदत हवी, तोच यादीतून गळतो."

वर्गात थोडा वेळ कोणी काही बोलले नाही. लूकच्या शुभवर्तमानातला पंधरावा अध्याय आम्ही किती वर्षे शिकवतो आहोत! शंभरातले एक मेंढरू हरवते आणि मेंढपाळ नव्याण्णवांना रानात सोडून त्याच्या शोधात जातो. मुलांना आम्ही त्यातले प्रेम सांगतो, आणि ते बरोबरच आहे. पण त्याआधी मेंढपाळाने एक साधे काम केलेले असते. त्याने मोजलेले असते. शंभर हा आकडा त्याला पाठ असतो, म्हणून नव्याण्णव भरल्यावर तो थांबत नाही. जे समोर आहेत त्यांच्यावरून जे समोर नाहीत त्यांचा हिशेब तो लावतो. हरवलेल्या मेंढराला हाक मारता येईलच असे नाही. ते हाकेच्या पलीकडेही गेलेले असते. त्याची आठवण कळपाबाहेरच्या कुणाला तरी ठेवावी लागते.

मग तिने लॅपटॉप मिटला आणि हळू आवाजात विचारले, "टीचर, हे नीट लिहून झालं की माझी गरज किती उरेल हो? आधी या कामाला आम्ही सहाजण होतो. आता दोघं आहोत."

योहान बाप्तिस्त्याचा दाखला ओठांवर आला होता. येशू वाढावा म्हणून आपण मागे सरण्यात त्याने आनंद मानला. पण तो दाखला आम्ही दिला नाही. मशिहाला वाट करून देणे वेगळे आणि घरकर्जाचा हप्ता डोक्यावर असताना नोकरी जाणे वेगळे. एकाची शिकवण दुसऱ्याच्या जखमेवर चिकटवू नये. आपल्या ख्रिस्तसभेने हे भय किरकोळ मानलेले नाही. कारखान्यांनी माणसाचे जगणे उलटेपालटे केले तेव्हा, १८९१ साली, पोप लिओ तेरावे यांनी 'रेरुम नोव्हारुम' या परिपत्रकात कामगारांच्या न्याय्य वेतनाची आणि संघटनेच्या हक्काची बाजू घेतली. मे २०२५मध्ये निवडून आलेल्या पोपमहोदयांनी लिओ चौदावे हे नाव घेतले, तेव्हा याच परिपत्रकाची आठवण केली आणि एआयमुळे मानवी प्रतिष्ठा, न्याय आणि श्रम यांच्यापुढे नवी आव्हाने उभी आहेत असे सांगितले. त्याच वर्षी जानेवारीत व्हॅटिकनने एआयविषयी 'अँटिक्वा एत नोव्हा' ही टीप प्रसिद्ध केली. यंत्र कितीही हुशार झाले तरी त्याच्या वापराची जबाबदारी माणसावरच राहते, हे तिच्यात ठामपणे सांगितले आहे.

हे आम्ही तिला सांगितले आणि नोकरी राहीलच असे खोटे आश्वासन दिले नाही. एवढेच म्हणालो, "बाळा, रिकाम्या रकान्याचं ते वाक्य यंत्राला सुचलं नाही आणि तुझ्या साहेबांनाही सुचलं नाही. दोन वर्षं लोकांची रडगाणी ऐकलेल्या माणसाला ते सुचलं. तू तिथे आहेस तोवर ते वाक्य पहिल्या पानावरच ठेव." तिने मान हलवली. तिच्यासाठी आम्ही त्या रात्री रोझरीचे एक दशक वाहिले आणि अजूनही वाहतो. तुम्हीही तिची आठवण ठेवा. अशी मुले आता आपल्या जवळजवळ प्रत्येक घरात आहेत.

त्यानंतरच्या रविवारी आम्ही धर्मग्रामाच्या कुटुंबांची नोंदवही उघडली. आजारी आणि वृद्ध माणसांना पहिल्या शुक्रवारी घरी ख्रिस्तप्रसाद नेला जातो. त्याची यादी समूहवार निघते. प्रत्येक ख्रिस्ती समूहाचा प्रमुख आपापल्या घरांची नावे देतो आणि ही पद्धत चांगली चालते. आम्ही फक्त उलटा प्रश्न विचारून पाहिला: ज्यांच्या नावापुढे समूहाचा रकाना कोरा आहे, अशी घरे कोणती?

नऊ निघाली. बहुतेक भाड्याच्या खोल्यांत राहणारी, कामासाठी दुसऱ्या राज्यांतून आलेली. कुणी बांधकामावर, कुणी हॉटेलात. मुलाच्या बाप्तिस्म्याच्या वेळी नाव वहीत चढले होते, पण पत्ता बदलत राहिला आणि कुठल्या समूहात घालावे हे ठरलेच नाही.

दोघादोघांनी जाऊन आम्ही ती नऊ घरे शोधली. सात सापडली. त्यांतल्या एका खोलीत झारखंडहून आलेली एक आजी होती. गुडघ्यांमुळे तिला जिना उतरता येत नव्हता. भिंतीवर खिळ्याला रोझरी टांगलेली होती. मोडक्या हिंदीत तिने सांगितले की रविवारी घंटा ऐकू येते, तेव्हा ती खाटेवर उठून बसते आणि मिस्सा संपेपर्यंत तशीच बसून राहते. दोन पावसाळे तिचा असा रविवार चालला होता. जानेवारीच्या पहिल्या शुक्रवारी फादर तिच्या खोलीत ख्रिस्तप्रसाद घेऊन गेले.

उरलेली दोन घरे अजून सापडलेली नाहीत. खोली सोडून गेली, एवढेच शेजाऱ्यांनी सांगितले. त्यांच्यासमोर आम्ही 'सापडली नाहीत' असे लिहिले आहे. 'नाहीत' असे लिहिलेले नाही.

प्रियजनहो, तुमच्यापैकी कोणी समूहाचे प्रमुख असाल, कोणी गायकवृंदाची हजेरी ठेवत असाल, कोणी सेंट व्हिन्सेंट डी पॉल संस्थेच्या मदतीची यादी करत असाल. इंदूर, वडोदरा, हैदराबाद अशा ठिकाणी तर आपली मराठी कुटुंबे विखुरलेली, आणि कुठल्या भाषेच्या मिस्सेत त्यांना मोजायचे हाच प्रश्न असतो. या आठवड्यात आपापली वही एकदा उघडा. भरलेल्या रकान्यांवरून नेहमीची यादी काढा आणि मग मुद्दाम विचारा: रिकामा रकाना कोणाचा आहे? ज्याने काही मागितले नाही, ज्याचे नाव कुठल्या गटात नाही, जो तक्रार करायलाही शिकलेला नाही, तो कोण? नाव मिळाले की फोनवर थांबू नका. चालत जा. फिलिप तर रथामागे धावला होता.

आणि ज्यांच्या हातात दुसऱ्यांसाठी सूचना लिहिण्याचे काम आहे, मग ते शिक्षक असोत, कारकून असोत की संगणकावर बसणारी आपली मुले, त्यांनी एक ध्यानात ठेवावे. आपले लिहिलेले जो वाचेल तो आपल्याला विचारायला येऊ शकणार नाही. तो माणूस असेल किंवा यंत्र असेल. त्याच्या पलीकडे मात्र कोणीतरी माणूसच वाट पाहत असतो.

प्रार्थना करू या.

हे प्रभू येशू, उत्तम मेंढपाळा, तुझ्या वहीत आमच्यापैकी कोणाचाही रकाना कोरा नाही. आम्ही ज्यांना मोजत नाही त्यांनाही तू नावाने ओळखतोस. आमच्या याद्यांबाहेर राहिलेल्या तुझ्या लेकरांकडे आमची पावले वळव. ज्यांच्या नोकऱ्या नव्या यंत्रांमुळे डळमळल्या आहेत त्यांना धीर दे, आणि त्यांना न्याय मिळावा म्हणून बोलण्याचे बळ आम्हाला दे. आमच्या मुलांच्या हातून जे लिहिले जाते ते खरे, स्पष्ट आणि दुबळ्यांची आठवण ठेवणारे असो. आणि जे आम्हाला अजून सापडलेले नाहीत, ती दोन घरेही, तुझ्या नजरेआड होऊ देऊ नकोस. आमेन.